मुलांचा मधुमेह : आधी साखर मोजा, मग प्रकार ठरवा

मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, लग्नाच्या पंगतीत जिलबीला हात आडवा धरणारा गृहस्थ उभा राहतो. खेड्यात तर ‘शुगर’ हा म्हाताऱ्यांचा नाहीतर पैसेवाल्यांचा आजार, अशी समजूत पक्की आहे. हाच आजार तान्ह्या बाळाला, पहिलीतल्या मुलाला किंवा दहावीला बसलेल्या मुलीलाही होऊ शकतो, असे सांगितले की पालक चमकतात. “डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्यात कोणाला शुगर नाही आणि पोरगं गोडही फारसं खात नाही,” हे वाक्य ठरलेले असते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही मुलाला मधुमेह असू शकतो.

आजच्या लेखात दोन प्रश्नांचा विचार करू. मुलाला मधुमेह झाला आहे हे ओळखायचे कसे, हा पहिला प्रश्न. झाला असेल तर तो कोणत्या प्रकारचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पाच मिनिटांत मिळायला हवे, कारण त्यात मुलाचा जीव अडकलेला असतो. दुसऱ्याचे उत्तर मिळायला काही आठवडे, क्वचित काही वर्षेही लागतात. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की नुकसान मुलाचे होते.

तहान उन्हाची की साखरेची?

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. खाल्लेल्या भाकरीची शेवटी साखरच होते आणि ही साखर रक्तातून पेशींमध्ये शिरायला इन्शुलिन लागते. इन्शुलिन नसेल तर साखर रक्तातच साचत जाते. तिचे प्रमाण साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात आणि साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, लघवी वाढली म्हणून तहान वाढते. शरीराला साखर वापरता येत नसल्याने ते स्वतःची चरबी आणि स्नायू जाळू लागते. मूल खाते भरपूर, पण दिवसेंदिवस वाळत जाते.

फर्दापूर, सोयगाव, अजिंठा, सिल्लोड या आपल्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत ऊन असे तापते की सगळेच घटाघटा पाणी पितात. त्यात एखादे मूल तांब्यावर तांबे रिचवत असेल तर ‘उन्हाळा आहे’ म्हणून कोणी लक्ष देत नाही. इथे एक साधी खूण लक्षात ठेवावी. उन्हाने तहान लागते तेव्हा घाम जास्त जातो, लघवी कमी आणि गडद होते. मधुमेहात मात्र तहानही जास्त आणि लघवीही जास्त, शिवाय ती पाण्यासारखी पातळ. मूल पाणी पीत आहे एवढेच पाहू नका, ते रात्री किती वेळा उठते तेही पाहा.

आणखी काही खुणा अशा : दोन-तीन वर्षांपूर्वी अंथरुणात शू करणे थांबलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. शाळेत तासाला दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागते. कपडे अचानक सैल होतात. खेळायला जाणारे मूल कोपऱ्यात बसून राहते. लघवीला मुंग्या लागतात. मुलींना लघवीच्या जागी वरचेवर खाज सुटते, तान्ह्या बाळाचे लंगोट सारखे भिजतात. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर जंताचे औषध, टॉनिक किंवा दृष्ट काढणे यांत आठवडा घालवू नये. त्याच दिवशी बोटातून रक्ताचा एक थेंब काढून साखर मोजावी.

उलट्या, पोटदुखी आणि धाप

या खुणांकडे दुर्लक्ष झाले तर पुढची पायरी धोक्याची असते. चरबी भराभर जळू लागल्याने रक्तात किटोन नावाची आम्ले साचतात. या अवस्थेला डायबेटिक किटोॲसिडोसिस म्हणतात. मुलाला उलट्या होतात, पोट दुखते, श्वास खोल आणि जलद चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. मूल सुस्त होते आणि मग बेशुद्ध पडते. हे सारे काही दिवसांत, अगदी लहान मुलात एक-दोन दिवसांतही घडू शकते.

अडचण अशी की ही लक्षणे दुसऱ्याच आजारांची वाटतात. उलट्या म्हणून गॅस्ट्रो, धाप म्हणून न्यूमोनिया, पोटदुखी म्हणून अपेंडिक्स. घरचे लोक तर ‘बाहेरचे’ काही झाले म्हणून तिसऱ्याच दारी जातात. येथेही वरचीच खूण कामाला येते. गॅस्ट्रोने सुकलेल्या मुलाची लघवी आटते. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, पण लघवी मात्र भरपूर, असे असेल तर तो मधुमेह आहे असे धरूनच चालावे आणि लगेच साखर पाहावी. उलट्या होणाऱ्या मुलाला अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावण्याचा आग्रह नातेवाईक हमखास धरतात. साखर मोजल्याशिवाय असा आग्रह कोणी धरू नये. आधीच साखरेने भरलेल्या रक्तात आणखी साखर ओतण्यासारखे ते होईल. ग्लुकोज पावडरचे पाणीही देऊ नये. मूल शुद्धीवर असेल तर साधे पाणी घोट घोट द्यावे आणि वाहन मिळेल त्याने मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा.

फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडचे उपजिल्हा रुग्णालय गाठता येते. पुढे छत्रपती संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली ‘घाटी’, ही साधारण शंभर किलोमीटरवर आहे. उत्तरेला जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याहून जवळ पडते. एवढे अंतर कापायचे असल्याने निदान गावातच होणे फार महत्त्वाचे आहे. ‘उलट्या थांबत नाहीत’ अशी चिठ्ठी घेऊन गेलेले मूल रांगेत थांबते. ‘साखर ४८०, धाप आहे’ अशी चिठ्ठी घेऊन गेलेल्या मुलाकडे सारे धावतात.

लोकांना माहिती दिल्याने खरोखर फरक पडतो का? पडतो. इटलीतील पार्मा या प्रांतात १९९१ साली शाळांतून आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून साधी भित्तिपत्रके लावली गेली. पुन्हा अंथरूण ओले करणे, सारखी तहान आणि लघवी यांकडे लक्ष द्या, एवढाच त्यांचा मजकूर होता. डॉक्टरांना साखर मोजण्याची साधने दिली गेली. मोहिमेपूर्वी तेथे मधुमेह नव्याने सापडलेल्या मुलांपैकी सुमारे ७८ टक्के मुले किटोॲसिडोसिस होऊनच रुग्णालयात येत. पुढील काही वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, मोठे यंत्र नाही. भिंतीवरचा एक कागद आणि वेळेवर पाहिलेला रक्ताचा थेंब!

आकडे कोणते?

लक्षणे असलेल्या मुलाची कोणत्याही वेळची रक्तशर्करा २०० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर तो मधुमेह. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, हेही निकष आहेत. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक आली तरी मधुमेह धरतात. पण रक्तक्षय, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलांत ही तपासणी फसवू शकते, हे ध्यानात ठेवावे. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारू नये, तपासणी पुन्हा करावी. लक्षणे असतील तर मात्र ‘उद्या उपाशीपोटी या’ असे म्हणून मुलाला परत पाठवू नये.

बोटावरची साखर मोजण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. केळी किंवा आंबा खाल्लेल्या बोटाची साखर खोटी वाढून येते. आणि ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी इंग्रजीत ‘हाय’ अशी अक्षरे उमटली तर यंत्र बिघडले असे समजू नका. साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी पाच मिनिटेही दवडू नयेत. केवळ लघवीत साखर सापडली म्हणजे मधुमेहच असे नाही. काही मुलांच्या मूत्रपिंडातून रक्तशर्करा नेहमीसारखी असतानाही थोडी साखर झिरपते. म्हणून अखेरचा निर्णय रक्ताचाच.

मधुमेह एक, प्रकार अनेक

आता दुसरा प्रश्न. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळतो तो ‘टाइप १’. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून बीटा पेशींवर हल्ला करते. गोड खाण्याशी, आईच्या डोहाळ्यांशी किंवा कोणाच्या पापाशी त्याचा काही संबंध नाही. बहुतेक मुलांच्या घरात हा आजार आधी कोणालाही नसतो. लक्षणे काही आठवड्यांतच वाढतात आणि इन्शुलिनशिवाय मूल जगत नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याआधी अशा मुलांपुढे उपाशी ठेवणे आणि वाट पाहणे याखेरीज मार्ग नव्हता. आज हीच मुले शिकतात, नोकरी करतात, त्यांची लग्ने होतात, त्यांना मुले होतात.

‘टाइप २’ हा मोठ्यांचा मधुमेह आता वयात येणाऱ्या मुलामुलींतही दिसू लागला आहे. यात इन्शुलिन असते, पण ते पुरेसा परिणाम करत नाही. असे मूल बहुधा स्थूल असते, आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असतो. मानेवर आणि काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसते. मळ समजून आया ती दगडाने घासतात. तो मळ नसतो, ती इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. मुलींची पाळी अनियमित होणे हीसुद्धा पुष्कळदा याच दोषाची साथीदार असते.

पण केवळ अंगकाठीवरून प्रकार ठरवता येत नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने लहान, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी जास्त, असे त्यांना २००३ साली दाखवून देता आले. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार अशी ही आपली जडणघडण आहे. त्यामुळे बारीक मुलाला टाइप २ आणि गुटगुटीत मुलाला टाइप १ असूच शकत नाही, असे कोणी समजू नये.

तिसरा गट जनुकांमुळे होणाऱ्या मधुमेहाचा. आजोबा, वडील आणि मुलगा अशा सलग तीन पिढ्यांत, तेही पंचविशीच्या आत, मधुमेह सापडत असेल आणि मूल स्थूल नसेल, तर ‘मोडी’ या प्रकाराची शंका घ्यावी. त्याच्या एका उपप्रकारात उपाशीपोटीची साखर शंभर ते दीडशेच्या आसपास वर्षानुवर्षे स्थिर राहते आणि सहसा औषधही लागत नाही. दुसऱ्या उपप्रकारात थोड्याशा गोळीने उत्तम काम होते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मधुमेह झाला तर तो बहुधा जन्मजात जनुकीय दोषाचा असतो, टाइप १ नव्हे. अशा बाळाची जनुकीय तपासणी झालीच पाहिजे. यातील एका दोषाचा शोध २००४ साली लागला. असा दोष असलेल्या बहुतेक मुलांचे इन्शुलिन बंद करून ग्लिबेनक्लामाइडच्या गोळ्यांवर त्यांना आणता येते, हे २००६ पर्यंत सिद्ध झाले. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने आपल्या देशात या तपासणीचे मोठे काम केले आहे. रोज टोचून घेणाऱ्या बाळाला गोळी पुरावी, याहून निदानाचे मोल ते कोणते!

काही मुलांचा मधुमेह दुसऱ्या आजारामागून येतो. वारंवार पोटदुखी, तेलकट शौच आणि सोनोग्राफीत स्वादुपिंडात खडे, हा एक प्रकार. थॅलेसेमियासाठी सतत रक्त चढवलेल्या मुलांत साचलेले लोह स्वादुपिंड बिघडवते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांतही साखर वाढते.

आणि शेवटचा, आपल्यासारख्या दुष्काळी मुलुखाने समजून घ्यावा असा प्रकार. लहानपणी पोटभर अन्न न मिळालेल्या, अत्यंत कृश किशोरवयीन व तरुण मुलांत असा मधुमेह दिसतो की त्यात इन्शुलिन कमी असते, साखर खूप असते, पण किटोन सहसा वाढत नाहीत. कुपोषणाशी निगडित या मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली आपल्या वर्गीकरणात जागा दिली आणि पुरावा अपुरा म्हणून १९९९ साली काढून टाकले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेल्या तपासण्यांतून २०२२ साली असे दिसले की हा प्रकार टाइप १ आणि टाइप २ या दोहोंहून वेगळा आहे. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ असे नाव दिले. सर्वच तज्ज्ञांचे यावर एकमत आहे असे नाही. पण गरिबाघरच्या हडकुळ्या मुलाला मधुमेह होतो, हे तरी आता कोणी नाकारू शकत नाही.

प्रकार ठरेपर्यंत काय करायचे?

एवढे प्रकार वाचून वाचक गोंधळतील. म्हणून एक सूत्र सांगतो : मुलाची साखर फार वाढलेली असेल, लक्षणे असतील किंवा लघवीत किटोन असतील, तर प्रकार कोणताही असो, उपचाराची सुरुवात इन्शुलिननेच करायची. इन्शुलिन देऊन नंतर गरज नसल्याचे कळले तर ते थांबवता येते. टाइप १ च्या मुलाला नुसत्या गोळ्यांवर ठेवले तर ते मूल परत मिळत नाही.

मूल सावरले की मग सावकाश शोध घ्यावा. घरातील तीन पिढ्यांची माहिती, वजन-उंची, मानेची त्वचा पाहावी. गॅड आणि तत्सम प्रतिपिंडांची रक्ततपासणी टाइप १ कडे बोट दाखवते. पण ती निर्दोष आली म्हणून टाइप १ नाही असे म्हणता येत नाही, आपल्या देशात अशी मुले पुष्कळ आहेत. शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवते, हे सी-पेप्टाइड या तपासणीतून कळते. मात्र आजाराच्या सुरुवातीला तिचा निष्कर्ष संदिग्ध असतो. तीन ते पाच वर्षांनी ती पुन्हा केली की चित्र पुष्कळ स्पष्ट होते. या सर्व तपासण्या प्रत्येक मुलाला लागतातच असे नाही. शंका असेल तेथे तज्ज्ञ त्या सुचवतात.

येथे पालकांना एक कळकळीचा इशारा. टाइप १ च्या मुलाला इन्शुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांनी त्याची गरज एकदम कमी होते. उरल्यासुरल्या बीटा पेशींना विश्रांती मिळून त्या थोडे काम करू लागतात. काही महिने हा काळ टिकतो. नेमक्या याच सुमारास कोणीतरी मुळी, काढा किंवा ‘मधुमेह मुळापासून’ घालवणारी पूड आणून देतो. साखर चांगली दिसते, श्रेय पुडीला जाते आणि इन्शुलिन बंद होते. मग एके दिवशी मूल बेशुद्ध होऊन येते. मात्रा कमी करायची तर डॉक्टरांना विचारून करावी, इन्शुलिन स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून आजार लपवणे आणि त्यापायी इंजेक्शन चुकवणे, हाही तसाच घात आहे. घरात फ्रीज नसेल तर वापरातील कुपी डब्यात घालून ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सावलीला ठेवावी, पाण्यात बुडवू नये.

खर्चाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. शासकीय रुग्णालयांत इन्शुलिनची विचारणा जरूर करावी. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था मधुमेही मुलांसाठी काम करते. गरीब घरच्या मुलांना इन्शुलिन व साखर मोजण्याच्या साहित्याची मदत, आणि मुलांबरोबर पालकांनाही शिक्षण, असे तिचे स्वरूप आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. ‘हा मुलगा फार पाणी पितो, वाळत चालला आहे’ एवढे एक वाक्य गुरुजींनी किंवा अंगणवाडीताईंनी त्यांच्या कानावर घातले तरी पुष्कळ काम होईल. पण पथकाच्या फेरीची वाट पाहत मात्र बसू नये. आजीला किंवा शेजाऱ्याला मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर आज खेड्यातही घराघरांत सापडतो. नवी सुई लावून त्याच यंत्रावर मुलाची साखर मोजता येते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती मोजून मिळते.

तेव्हा वाचकहो, मूल फार पाणी पीत असेल, वारंवार लघवीला जात असेल आणि वाळत असेल, तर कारणांची चर्चा नंतर करा. आजारात टाइप १ आहे की २ हे कोडे सोडवायला डॉक्टर आहेत. मूल वेळेवर त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे काम घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि शाळेचे आहे. प्रकाराचे नाव महिनाभर उशिरा ठरले तरी चालेल. साखर मात्र आजच मोजली पाहिजे.